जांभळ्या झाकणाची नळी

मे महिना, २०२३. लगीनसराईचं काम अंगावर आलेलं. नवरीच्या मामीचं ब्लाउजपीस होतं, काठाला जर असलेलं. असल्या कपड्याच्या बाह्या दुहेरी घडी घालून एकदम कापता येत नाहीत. काठ दोन्ही दंडांवर बरोबर यायला हवा, म्हणून एकेक बाही सुटी कापावी लागते. मी कापल्या, मशीनवर बसले, आणि उजवी बाही मुंढ्याला लागेचना. उलटी करून पाहिली, परत लावली, दिव्याखाली धरली. तेव्हा लक्षात आलं की मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या.

सत्तावीस वर्षं मी शिवणकाम करते. केज तालुक्यातल्या एका गावात माझं छोटं दुकान आहे. चूक कुणाचीही होते, मी कापडाचे पैसे भरून दिले. पण त्याच्या आधी दोन-तीन महिन्यांपासून एक गोष्ट मला खुपत होती. चाळीस-पन्नास बायकांची मापं माझ्या डोक्यात असायची. छाती, कंबर, उंची, पुढचा गळा, मागचा गळा, मुंढा. बाई दारात उभी राहिली की तिचं माप डोळ्यापुढं यायचं, टेप काढावी लागायची नाही. ते येईनासं झालं होतं. बाई ओळखीची, आवाज ओळखीचा, आणि माप कोरं. कुणाला कळू नये म्हणून मी "बारीक झालात का ओ, परत माप घेते" म्हणायचे.

मी २००५ पासून एचआयव्हीसोबत जगते. तो कसा आला, कुणाकडून आला, हे इथं लिहीत नाही. मालक २००४ च्या उन्हाळ्यात गेले. शेवटचे दोन महिने ते मला ओळखत नव्हते. रात्री उठून वेशीकडं चालायला लागायचे, लेकीला दुसऱ्याच नावानं हाक मारायचे. घरातली माणसं म्हणायची, बाहेरचं लागलंय, आणि उतारा टाकायची. मेंदूचा टीबी होता, की एचआयव्हीनंच मेंदू धरला होता, की आणखी काही, ते कुणी तपासलं नाही. म्हणून त्या दोन डाव्या बाह्या हातात घेऊन बसले तेव्हा मला कापडाची काळजी नव्हती.

आधी मी एका खासगी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी वय विचारलं. एक्कावन्न म्हटलं. "आता वय झालं, टेन्शन घेऊ नका," म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. अर्थात मीही त्यांना माझ्या रोजच्या गोळीबद्दल सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांना ओळखतात. आमच्यातले कितीतरी जण याच धाकानं एचआयव्हीच्या गोळ्या देणारं जवळचं एआरटी केंद्र सोडून लांबच्या केंद्रावर नाव घालतात. पण अर्धी गोष्ट लपवून तपासायला गेलं की उत्तरही अर्धंच मिळतं.

जूनमध्ये गोळ्या आणायला अंबाजोगाईला गेले तेव्हा काऊन्सेलर ताईंना सांगितलं. इतक्या वर्षांत आमचं बोलणं गोळ्या, वजन, व्हायरल लोड एवढ्यावरच व्हायचं. माझा व्हायरल लोड कधीपासून 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतो, म्हणजे रक्तात विषाणू सापडतच नाही, त्यामुळं पाच मिनिटांत काम व्हायचं. त्या दिवशी ताईंनी खुर्ची पुढं ओढली आणि एकेक विचारत गेल्या. पैसे मोजताना चुकता का? गोळी घेतली की नाही हे आठवतं का? गॅस चालू राहतो का? रस्ता चुकलाय का कधी? चालताना तोल जातो का? कशातच मन लागत नाही असं होतं का? आणि शेवटी, हे सगळं तुम्हालाच जाणवतंय की घरच्यांनाही? त्या शेवटच्या प्रश्नासाठी पुढच्या वेळी लेकीला घेऊन यायला सांगितलं.

मग डॉक्टर मॅडमनी एक छोटी चाचणी घेतली. एचआयव्ही असलेल्यांसाठीच ती बनवलेली आहे, २००५ साली. लिहितावाचता न येणाऱ्यालाही देता येते. चार शब्द सांगितले: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. लक्षात ठेवा म्हणाल्या. मग अंगठा आणि पहिलं बोट जितक्या जोरात उघडमिट करता येईल तितकी करायची, पाच सेकंद. त्यात मला चारपैकी चार मिळाले, बोटं आयुष्यभर तेच करत आली आहेत. पुढं टेबलावर मूठ, मग पालथा पंजा, मग पंजा उभा कडेवर, असं ओळीनं दहा सेकंद करायचं. तिथं माझा क्रम एकदा चुकला. तीन. मग विचारलं, शब्द सांगा. कुत्रा. लाल. मॅडमनी खूण दिली, "अंगावर घालायची वस्तू", तेव्हा टोपी आठवली, त्याचा अर्धा गुण. "भाजी आहे," म्हणाल्या. मी भेंडी म्हटलं, गवार म्हटलं. नाहीच आलं.

बारापैकी साडेनऊ. दहा किंवा त्याच्या खाली आलं तर पुढं तपासायचं, असा नियम. मॅडमनी दोनदा सांगितलं की हे निदान नाही, ही फक्त चाळणी आहे. परतीच्या एसटीत मी ते तीन शब्द घोळवत राहिले. केजच्या स्टँडवर गाडी थांबली, एक बाई टोपली घेऊन चढली, आणि टोपलीत काही नसताना मला एकदम घेवडा आठवला. तिथं बसल्या जागी मला रडू आलं.

पुढचा महिना वगळण्याच्या तपासण्यांत गेला. यावर लोक फार बोलत नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच होता. विसरणं ज्या ज्या कारणानं होऊ शकतं, त्यातलं बरं होण्यासारखं आधी शोधायचं. थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, बी-१२, सिफिलिससाठी व्हीडीआरएल. मन खचलंय का, त्याची वेगळी प्रश्नावली. झोप कशी. दारू, तंबाखू. लातूरला जाऊन मेंदूचा एमआरआय. त्यात गाठ नव्हती, जुना झटकाही नव्हता. बी-१२ मात्र १३४ निघालं, दोनशेच्या बरंच खाली. माझ्या गळ्यात माळ आहे, मांस-अंडी मी कधी खाल्लेलं नाही, आणि दुधाचा चहा सोडला तर दूधही रोज पोटात जात नाही. पायाला मुंग्या यायच्या, त्या मी २००७ मधल्या जुन्या गोळ्यांच्या खाती घातल्या होत्या. तेव्हाच्या स्टॅव्हुडिननं पाय बधिर व्हायचे हे खरंच, पण ती बंद होऊन किती वर्षं झाली! इंजेक्शनं सुरू झाली. खासगीतली ती झोपेची गोळी मॅडमनी बंद केली.

त्याच वेळी मॅडमनी माझं उपचाराच्या नोंदींचं जुनं पुस्तक काढून एका आकड्याखाली रेघ मारली. २००७, सीडी फोर ८६. सीडी फोर म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, एचआयव्ही तोच खाली आणतो. तेव्हा साधारण दोनशेच्या खाली उतरल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. सरकारी मोफत एआरटी २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली होती, पण थांबायची ती पायरी होतीच. पॉझिटिव्ह निघाला की लगेच गोळ्या, हे धोरण २०१७ ला आलं. आज माझा सीडी फोर साडेसहाशेच्या आसपास असतो. पण मेंदूच्या बाबतीत आजचा आकडा पुरत नाही. आयुष्यात तो सगळ्यात खाली कुठवर गेला होता, त्यावर पुढचा धोका बराच ठरतो. विषाणू लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये बसून. तिथल्या विचार करणाऱ्या पेशींना तो धरत नाही. तो धरतो त्यांच्या शेजारच्या राखणदार पेशींना, आणि त्या चिडल्या की त्यांच्यातून पाझरणाऱ्या रसायनांनी शेजारी भाजून निघतात. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण ही धग काहींच्यात मंद राहते. मला हे कळलं तेव्हा मालकांची फार आठवण झाली. त्यांना गोळीच मिळाली नाही.

पुण्यातल्या एका अभ्यासाबद्दल मॅडमनीच सांगितलं. एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तातून मेंदूच्या झिजेचा माग लागतो का, हे त्यात बघायचं होतं. घरी लेकीशी बोलले. ती डीएमएलटी झालेली आहे, लातूरला लॅबमध्ये असते. ती निगेटिव्ह आहे, आणि तिला सगळं माहीत आहे. "माय, जा तू. मी येते संगं," म्हणाली. गावात सांगितलं, डोळे दाखवायला चाललेय.

सप्टेंबरात गेलो. केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, नगर, पुणे. रात्रभर मी खिडकीला डोकं टेकून उजळणी करत होते, जणू परीक्षाच आहे.

पहिले दोन तास संमतीपत्रावर गेले. मराठीत होतं, आणि एका ताईंनी ते ओळ न् ओळ वाचून दाखवलं. आपल्या देशात २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. त्याप्रमाणं नीट समजून दिलेल्या संमतीशिवाय आमच्यावर उपचारही करता येत नाहीत आणि संशोधनही. मी तीन गोष्टी विचारल्या. माझं नाव नळीवर राहणार का? नाही, नंबर राहील. मध्येच सोडलं तर माझ्या गोळ्यांवर परिणाम होईल का? नाही. माझा आकडा मला कळेल का? यावर त्या ताई थोड्या थांबल्या. म्हणाल्या, ही तपासणी अजून निदानासाठी नाही, संशोधनासाठी आहे. तुम्हाला हवा असेल तर डॉक्टर समोर बसून समजावतील, पण एका आकड्यावरून कुणी काही ठरवणार नाही, आणि तो एक वर्षानं मिळेल. वर्षभर का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी सही केली.

कागदी चाचण्यांना अडीच तास लागले. आकडे उलटे म्हणा, एका मिनिटात 'क' पासूनचे जितके येतील तितके शब्द सांगा, चित्र बघून परत काढा, कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं रेषेनं जोडा, छोट्या खुंट्या भोकांत बसवा. मी दहावी शिकलेली, तरी थकून गेले.

माझ्यासोबत आमच्याच जिल्ह्यातली एक बाई होती. ऊसतोडीला जाणारी, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिनं पेन्सिल मुठीत धरली, कोयता धरतात तशी. आकडे जोडायच्या कागदावर तिचा हात अर्ध्यातच थांबला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाली, "ताई, माझं डोस्कं गेलंय म्हणत्याल आता ह्ये." आणि त्याच बाईनं मला जेवताना मागच्या हंगामाचा सगळा हिशोब तोंडी सांगितला. मुकादमाकडून उचल किती घेतली, किती फिटली, कुठल्या दिवशी किती टन माल गेला, कोणत्या टायरगाडीच्या खेपेचं वजन मुकादमानं कमी धरलं. दिवसांसकट, एकदाही न अडखळता. आजारी पडलेल्या शेजारणीच्या कोयत्याचासुद्धा हिशोब तिनंच डोक्यात ठेवला होता.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. कागदी चाचणीत 'नॉर्मल' काय हे कुणाच्या तरी गुणांवरून ठरलेलं असतं. ती माणसं शाळेत गेलेली असतील, तर न गेलेली बाई तिथं आजारी दिसणारच. आजाराच्या २००७ सालच्या व्याख्येत असंही एक खोकं होतं की रोजच्या जगण्यात काही अडचण नाही, फक्त चाचणीत गुण कमी, तरी त्याला बिघाड म्हणायचं. त्यावर जगभरातल्या डॉक्टरांनी बरीच चर्चा केली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत सांगितलं की नुसत्या कमी गुणांवरून मेंदूला इजा झाली असं धरू नका, माणसाचं शिक्षण, परिस्थिती, तक्रार, सगळं मिळून बघा. तिथल्या डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना हात धरून व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, हे या बाईलाही सांगा. त्यांनी बाकावर बसून सांगितलं. रक्ताकडून आशा का आहे, हे मला तिथं पहिल्यांदा समजलं. रक्त कुणाला कितवी शिकलात विचारत नाही.

रक्त काढणं पाच मिनिटांचं. जांभळ्या झाकणाच्या नळ्या होत्या. लेक म्हणाली, "ईडीटीएच्या आहेत, रक्त गोठत नाही." नळ्या हलक्या हातानं उलटसुलट केल्या, मशीनमध्ये फिरवल्या, वरचं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, बारीक कुप्यांत भरलं आणि उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. माझ्या लेकीनं आयुष्यात हजारो नळ्या भरल्या असतील, पण आईच्या नंबराची कुपी आत जाताना ती काचेपाशी बराच वेळ उभी होती.

या रक्तात काय शोधतात, ते मला माझ्या धंद्यातून कळलं. आपल्या मज्जापेशीला लांब शेपूट असतं, त्यातून निरोप जातो. त्या शेपटाला आतून आकार देणारे धागे असतात, त्यांना न्यूरोफिलामेंट म्हणतात. कॉलरच्या आत बकरम असतं ना, तसं. कॉलर विरली की आतल्या बकरमचे धागे बाहेर दिसू लागतात. तशी पेशी दुखावली की त्या धाग्यांचं प्रथिन आधी मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात आणि तिथून अगदी थोडं रक्तात उतरतं. त्यातल्या हलक्या प्रकाराला न्यूरोफिलामेंट लाइट म्हणतात, थोडक्यात एनएफएल. दुसरं जीएफएपी, ते पेशींना आधार देणाऱ्या अस्तरासारख्या पेशींचं. तिसरं टाऊ, त्यातला पी-टाऊ हा प्रकार अल्झायमरकडं बोट दाखवतो. विसरणं एचआयव्हीचं की अल्झायमरचं, हा प्रश्न आता आम्हाला पडणार आहे, कारण आम्ही म्हातारे व्हायला लागलोय. वीस वर्षांपूर्वी ही काळजी करायला आम्ही उरू असं कुणाला वाटलं नव्हतं.

रक्तात एनएफएल इतकं कमी असतं की ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. लाख कोटी हा आकडा मी फक्त बजेटच्या बातम्यांत ऐकला होता. सिमोआ नावाचं यंत्र ते मोजतं. प्रथिन पकडणारे सूक्ष्म मणी, प्रत्येक मणी एका अतिबारीक खळग्यात, आणि ज्या खळग्यात प्रथिन सापडलं तो उजळतो. मग उजळलेले खळगे मोजायचे. त्याच्या आधी हे धागे बघायला मणक्यातलं पाणीच काढावं लागायचं.

ते पाणीही मी दिलं. ते ऐच्छिक होतं, आणि आमच्याकडं त्याची भीती मोठी आहे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं आमच्या चुलत सासूनं माझ्यादेखत एकाला सांगून दवाखान्यातून घरी नेलं होतं. डॉक्टरांनी मणक्याचं चित्र काढून दाखवलं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली जाते. रक्तात विषाणू दबलेला असताना कधीकधी या पाण्यात तो जागा असतो, आणि तसं असेल तर औषध बदलावं लागतं, म्हणून मी तयार झाले. कुशीवर, गुडघे पोटाशी. सुई कळली, सहन झाली. पण नंतर दोन दिवस उठून बसलं की कपाळ फुटतंय असं वाटायचं, आडवं पडलं की थांबायचं. चार दिवस दुकान बंद राहिलं. पाण्यात विषाणू निघाला नाही. दंडातल्या साध्या नळीची किंमत मला त्या दोन दिवसांत कळली.

मग वर्ष गेलं. बी-१२ ची इंजेक्शनं, नंतर गोळ्या. मी मापाची वही घातली, शंभर पानी, प्रत्येक बाईचं एक पान. आधी लाज वाटली. चाळीस पानं भरल्यावर वाटेनाशी झाली. संध्याकाळी चालायला लागले, बीपी तपासून घेतलं, झोपेची वेळ ठरवली. मेंदूसाठी वेगळं औषध एचआयव्हीत नाही. रोजची गोळी न चुकवणं आणि बाकी शरीर सांभाळणं, एवढंच हातात आहे, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. पायाच्या मुंग्या गेल्या. मापं परत येऊ लागली, सगळी नाहीत.

२०२४ च्या सप्टेंबरात दुसरी नळी दिली. डिसेंबरात डॉक्टरांनी समोर बसवून एनएफएलचे दोन्ही आकडे एकदम सांगितले. पहिलं रक्त त्यांनी वर्षभर गोठवून ठेवलं होतं आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच यंत्रावर चालवलं. नाहीतर फरक माझा की यंत्राचा हे कळत नाही. वर्ष थांबायचं कारण ते होतं. पहिला १९, दुसरा १५.

मी म्हटलं, कमी झालं म्हणजे बरं झालं ना? त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले, कमी होणं चांगलंच, पण घाई करू नका. बी-१२ सुधारलं त्याचा वाटा असेल. तुमचं वजन चव्वेचाळीसचं एकोणपन्नास झालं. अंगानं भरलेल्या माणसात हा आकडा कमी दिसतो, काटकुळ्यात जास्त. वयानं तो आपोआप वाढतो. किडनी मंदावली तरी वाढतो, कारण निचरा होत नाही. त्यात आमच्या गोळीतलं टेनोफोविर किडनीला जपून घ्यावं लागणारं, आणि त्याच गोळीतल्या डोलुटेग्रॅविरनं किडनी ठीक असतानाही क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, किंचित वाढलेलं दिसतं. शुगरनं नसा खराब झाल्या, डोक्याला मार लागला, झटका आला, तरीही हाच धागा वाढतो. कॉलर कशानं विरली हे धाग्यावरून सांगता येत नाही, हे मी मनाशी म्हटलं. मग त्यांनी वाक्य बोललं ते मी मापाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: "तुमची तुलना सध्या तुमच्याशीच."

कारण पंधरा हा जास्त की कमी, हे सांगायला मोजपट्टी हवी. ज्यांच्यावरून ही मोजपट्टी तयार झाली ती माणसं बहुतेक युरोप-अमेरिकेतली, वजनानं भरलेली, दूध-मांस खाणारी. चव्वेचाळीस किलोच्या, माळकरी, सत्तावीस वर्षं मशीनवर वाकलेल्या बाईचं नॉर्मल काय? सहा महिने फडात मोळ्या उचलणाऱ्या बाईचं काय? कागदी चाचणीत जो अन्याय पेन्सिलीनं झाला, तोच रक्तात वजनानं आणि बी-१२ नं होऊ शकतो. आमचं रक्त तिथं गेल्याशिवाय आमची मोजपट्टी होणार नाही. मी पुन्हा जाते ती याच्यासाठी.

मे २०२५ मध्ये लेकीनं फोनवर बातमी दाखवली. अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्ततपासणीला तिथल्या औषध प्रशासनानं पहिल्यांदा मंजुरी दिली होती. पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड नावाचं दुसरं प्रथिन यांचं प्रमाण बघणारी, पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि लक्षणं असलेल्यांसाठी. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या आमच्या गटातल्या दोघीतिघींचे लगेच फोन आले, आपल्यालाही करता येईल का, कुठं होते, किती पैसे. मी प्रत्येकीला सांगितलं की ती अल्झायमरसाठी आहे, एचआयव्हीनं होणाऱ्या विस्मरणासाठी तशी मंजूर तपासणी नाही, आधी केंद्रात जाऊन बोला, बी-१२ आणि थायरॉइड करा, मन उदास असेल तर तेही सांगा. एकीनं तीन वर्षं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ती पगाराचे पैसे दोनदा वाटून बसली होती, आणि घरात तिच्यावर चोरीचा आळ आला होता. तिला मी स्वतः घेऊन गेले.

तिसऱ्या नळीची तारीख मला मोबाइलमध्ये घालायची होती, आणि राहून गेली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन वाजला. ऊसतोडीची ती बाई होती. दसऱ्यानंतर टोळी निघते, म्हणून आम्हा दोघींची तारीख सप्टेंबरात धरलेली असते.

"ताई, सोळा तारीख हाय आपली. मंगळवार. पंधराच्या रात्री गाडीत बसायचं. बी-१२ चा कागद घेऊन ये, मागल्या येळी इसरलीस."

मी वही ओढली आणि शेवटच्या पानावर, त्या वाक्याच्या खाली, सोळा लिहिलं.